कसब्याचा मतदार आणि रिकाम्या खुर्च्या

कसबा पेठ मतदारसंघात राहणाऱ्या कुणालाही एक प्रश्न विचारून बघा. १ एप्रिल २०२३ या दिवशी तुमचे लोकप्रतिनिधी कोण होते?

नगरसेवक? कुणीच नाही. पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ लाच संपली होती आणि आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार बघत होते. खासदार? तेही नाहीत. गिरीश बापट तीनच दिवसांपूर्वी, २९ मार्चला गेले. आमदार मात्र होते, पण निवडून येऊन महिनाही झाला नव्हता. मुक्ता टिळक यांचं २२ डिसेंबर २०२२ ला निधन झालं, पोटनिवडणूक लागली आणि २ मार्च २०२३ ला रवींद्र धंगेकर निवडून आले.

एकाच मतदाराच्या वाट्याच्या या तीन खुर्च्या. आमदाराची सत्तर दिवसांत भरली. खासदाराची चौदा महिने रिकामी राहिली. नगरसेवकाच्या खुर्चीवर कुणी बसायला २०२६ चा जानेवारी उजाडला. मतदार तोच, पेठ तीच, राज्यघटनाही तीच. मग एवढा फरक का? ‘राजकारण, दुसरं काय!’ हे उत्तर कट्ट्यावर खपतं, आणि ते अगदीच खोटं आहे असंही नाही. पण राजकारणाला शिरायला फट लागते. ती फट कायद्यात नेमकी कुठे आहे, ते बघू.

आधी आपल्या सोसायटीकडे वळू, कारण रिकामी जागा भरण्याचा अनुभव बहुतेकांना तिथलाच असतो. कमिटीतले कुलकर्णी फ्लॅट विकून बाणेरला राहायला गेले. पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘देशपांडेकाका, तुम्ही या ना कमिटीवर.’ काका दोनदा नाही म्हणतात, तिसऱ्यांदा येतात. उरलेल्या मुदतीपुरतं त्यांचं नाव लागतं आणि विषय मिटतो. सहकाराच्या नियमांतही याला जागा आहे: समितीची निम्म्याहून कमी मुदत उरली असेल तर तिने त्याच वर्गातला सभासद नेमून जागा भरावी.

लोकांनी थेट निवडलेल्या पदाला हा मार्ग बंद आहे. खासदार, आमदार किंवा नगरसेवक गेला तर त्याच्या जागी पक्ष माणूस पाठवू शकत नाही, सरकार नेमू शकत नाही, आणि मागच्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला उमेदवार आपोआप वर सरकत नाही. (हा गैरसमज बराच पसरलेला आहे. परीक्षेची प्रतीक्षा यादी असते, मतदानाची नसते.) पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं. जगात सगळीकडे असं नाही. जर्मनीत रिकामी जागा त्या पक्षाच्या यादीतल्या पुढच्या नावाने भरली जाते. अमेरिकेत सिनेटर गेला तर बहुतेक राज्यांत गव्हर्नर तात्पुरता सिनेटर नेमतो. तिथल्या प्रतिनिधिगृहाची जागा मात्र फक्त निवडणुकीनेच भरते. आपण दुसऱ्या टोकाला आहोत: पोटनिवडणूक किंवा रिकामी खुर्ची, मधलं काही नाही.

आणि वारसा? तो कायद्यात कुठेच नाही, पक्षांच्या सवयीत आहे. कसब्याबरोबरच चिंचवडचीही पोटनिवडणूक झाली होती, कारण लक्ष्मण जगताप यांचं ३ जानेवारी २०२३ ला निधन झालं होतं. तिथे भाजपने त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना उमेदवारी दिली आणि त्या जिंकल्या. कसब्यात टिळक घराण्याबाहेरचे हेमंत रासने उभे केले आणि ते सुमारे अकरा हजार मतांनी पडले. यावरून ‘घरातला उमेदवार दिला असता तर’ ही चर्चा पेठांमध्ये किती दिवस चालली, ते पेठेत राहणाऱ्यांना सांगायला नको. २०२२ मध्ये मुंबईत अंधेरी पूर्वला तर दिवंगत आमदाराच्या पत्नी ऋतुजा लटके यांच्यासमोर भाजपने आपला उमेदवारच मागे घेतला. बिनविरोधची प्रथा पाळायची म्हणून. तरी इतर उमेदवार होतेच, मतदान झालंच, आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण आलं? ‘नोटा’, म्हणजे ‘यापैकी कुणीही नको’ हा पर्याय.

खुर्ची रिकामी होते कशी

मृत्यूबद्दल वेगळं सांगायला नको. राजीनाम्यात एक खोच आहे. आमदाराने राजीनामा अध्यक्षांकडे द्यायचा असतो, पण नुसतं पत्र दिलं की जागा रिकामी होत नाही. तो स्वखुशीने दिलेला आणि खरा आहे अशी खात्री झाल्यावर अध्यक्षांनी तो स्वीकारायचा असतो. १९७४ च्या तेहेतिसाव्या घटनादुरुस्तीने ही अट घातली, कारण आमदारांकडून दमदाटीने राजीनामे लिहून घेतले जात होते. म्हणजे टीव्हीवर पत्र फडकवणारा आमदार त्या संध्याकाळीही आमदारच असतो.

दोन जागांची भानगड वेगळी. कायद्याने एका वेळी जास्तीत जास्त दोन मतदारसंघांतून लढता येतं, दोन्ही जिंकले तर एक सोडावा लागतो. आमदार असताना खासदार झालात तर चौदा दिवसांत आमदारकी सोडायची. नाही सोडली तर खासदारकीच जाते. कसब्याने हेही पाहिलंय. १९९५ पासून कसब्याचे आमदार असलेले बापट २०१९ च्या मे महिन्यात खासदार झाले, आमदारकीचा राजीनामा दिला, आणि कसबा ऑक्टोबरमधल्या विधानसभा निवडणुकीपर्यंत चारेक महिने आमदाराविना राहिला. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. ही ‘तोंडावर निवडणूक’ पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

तिसरा प्रकार अपात्रतेचा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की सदस्यत्व त्याच क्षणी जातं. २०१३ पर्यंत अपील केलं की ते टिकायचं. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत काढून टाकली. सावनेरचे सुनील केदार २०२३ च्या डिसेंबरमध्ये असेच अपात्र ठरले. पक्षांतर केलं तरी जागा जाते. सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलं तर सभागृह ती जागा रिक्त जाहीर करू शकतं; हे कलम प्रत्यक्षात जवळजवळ झोपलेलंच असतं.

अपात्रतेची एक गंमत: खुर्ची रिकामी होऊन, निवडणूक न होता, पुन्हा त्याच माणसाने भरू शकते. बापट गेले त्याच आठवड्यात, २४ मार्च २०२३ ला, राहुल गांधी यांची वायनाडची खासदारकी रद्द झाली होती. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि ते पुन्हा खासदार झाले. निवडणूक आयोगाने तिथे पोटनिवडणुकीची घाई केली असती तर एका मतदारसंघाला दोन खासदार लाभण्याची वेळ आली असती.

सहा महिने, आणि दोन पळवाटा

जागा रिकामी झाल्याची अधिसूचना लोकसभेचं किंवा विधानसभेचं सचिवालय काढतं. तिथून पुढे सगळं निवडणूक आयोगाच्या हातात. १९९६ पर्यंत आयोगाला काही मुदतच नव्हती. त्या वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात १५१अ हे कलम आलं. म्हटलं तर एका परिच्छेदाचं कलम, पण पुण्याची खासदारकी त्यातच अडकली.

कलम म्हणतं: जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. पण दोन प्रसंगी हे बंधन लागू नाही. एक, त्या सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल. दोन, या सहा महिन्यांत निवडणूक घेणं कठीण आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं असेल.

निवडणूक घ्यायची ठरवली तर वेळ फार लागत नाही. कसब्याचंच वेळापत्रक बघा: ३१ जानेवारी २०२३ ला अधिसूचना, ७ फेब्रुवारीपर्यंत अर्ज, ८ ला छाननी, १० पर्यंत माघार. माघारीनंतर मतदानापर्यंत किमान चौदा दिवस द्यावे लागतात, म्हणून मतदान आधी २७ फेब्रुवारीला ठेवलं होतं. मग परीक्षांचा गोंधळ नको म्हणून एक दिवस अलीकडे, २६ तारखेच्या रविवारी आणलं. अधिसूचनेपासून मतदानापर्यंत कायद्याने लागतात ते चोवीस-पंचवीस दिवस. बाकी सगळा वेळ लागतो तो ठरवायला.

आता २९ मार्च २०२३ पासून मोजा. सहा महिने संपतात २९ सप्टेंबरला. सतराव्या लोकसभेची पहिली बैठक १७ जून २०१९ ला झाली होती, म्हणजे तिची पाच वर्षांची मुदत १६ जून २०२४ ला संपणार होती. बापटांच्या निधनाच्या दिवशी उरलेली मुदत: एक वर्ष, दोन महिने आणि अठरा दिवस. वर्षापेक्षा जास्त. पहिली पळवाट बंद.

उरली दुसरी. आयोगाने ‘कठीण आहे’ असं प्रमाणित केलं आणि कारणं दिली दोन. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतली आहे. आणि निवडून येणाऱ्याला काम करायला फारच थोडा काळ मिळेल. दुसरं कारण नीट वाचा. ते पहिल्या पळवाटेचंच कारण आहे. कायद्याने ‘एक वर्ष’ अशी रेघ मारलेली असताना सव्वा वर्षालाही ‘थोडा काळ’ म्हणायचं, आणि रेघेच्या अलीकडची गोष्ट ‘कठीण’ या शब्दातून पलीकडे न्यायची. कलमातला ‘कठीण’ हा शब्दही सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल आहे. या मुदतीत जमत नसेल तर सातव्या-आठव्या महिन्यात घ्या, असा त्याचा सरळ अर्थ मला लागतो. घेऊच नका, असा लागत नाही.

पुण्यातल्या एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. १३ डिसेंबर २०२३ ला न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती कमल खाता यांच्या खंडपीठाने निकाल दिला: पुण्याची पोटनिवडणूक तातडीने घ्या. मतदारांना प्रतिनिधीविना ठेवता येणार नाही, आणि यंत्रणा कामात आहे ही काही अडचण नव्हे, असा त्या निकालाचा सूर होता. पुण्यानंतर रिकाम्या झालेल्या काही जागांवर आयोगाने दरम्यान निवडणुका घेतल्याच होत्या, हेही न्यायालयाने पाहिलं. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे ८ जानेवारी २०२४ ला या निकालाला स्थगिती मिळाली. तोवर पाच महिन्यांवर लोकसभेची मुदतच संपत होती. निवडणूक वेळेत का घेतली नाही, हा प्रश्न त्या सुनावणीतही निघाला. पण तेवढ्याने पुण्याला खासदार मिळायचा नव्हता. शेवटी १३ मे २०२४ ला पुण्याने सार्वत्रिक निवडणुकीतच मतदान केलं आणि ४ जूनला मुरलीधर मोहोळ खासदार झाले. त्यांनी हरवलं कुणाला, तर कसब्याचे आमदार धंगेकर यांना.

पुणे एकटं नव्हतं. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला गेले. तिथेही वर्षाहून पंधराएक दिवस जास्त उरले होते, तिथेही पोटनिवडणूक झाली नाही. उलट नांदेडचे वसंतराव चव्हाण नव्या लोकसभेत जाऊन तीन महिने होतात न होतात तोच, २६ ऑगस्ट २०२४ ला गेले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेबरोबरच नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक झाली. विधानसभेसाठी यंत्रणा तयारच होती. म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीची तयारी एका ठिकाणी पोटनिवडणूक न घेण्याचं कारण ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी घेण्याची सोय.

आमच्या इमारतीतले एक काका (बँकेतून निवृत्त, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचणारे) तेव्हा मला म्हणाले होते, ‘अहो, चौदा महिने खासदार नव्हता, कुणाचं काय अडलं?’ मी म्हटलं, ‘तुमचं नाही अडलं काका.’ ज्याला घरच्या माणसाच्या ऑपरेशनसाठी पंतप्रधान निधीकडे खासदाराचं शिफारसपत्र हवं होतं, त्याला जाणवलं. खासदाराच्या स्थानिक विकास निधीचे वर्षाचे पाच कोटी असतात, त्यातल्या कामांची शिफारस करायला माणूसच नव्हता. आणि संसदेत पुण्याच्या विमानतळावर किंवा नदीवर प्रश्न विचारायचा तर तो शेजारच्या मतदारसंघातल्या कुणीतरी. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘पण पगार तरी वाचला ना एक.’ पुण्यात वादात शेवटचा शब्द आपला असावा, एवढीच अपेक्षा असते.

‘बंधन नाही’ आणि ‘बंदी आहे’

पहिली पळवाट वाटते तेवढी सरळ नाही, हे अकोल्याने दाखवलं. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबर २०२३ ला गेले. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपणार होती. म्हणजे जागा रिकामी झाली त्या दिवशी वर्षापेक्षा तेवीस दिवस जास्त शिल्लक. आयोगाने २०२४ च्या लोकसभेबरोबर, २६ एप्रिलला, पोटनिवडणूक जाहीर केली. यावेळी मतदार न्यायालयात गेला तो उलट मागणी घेऊन: निवडणूक नको! निवडून येणाऱ्याला सहा महिनेही मिळणार नाहीत, मग हा खर्च कशाला? नागपूर खंडपीठाने हे मान्य केलं आणि २६ मार्च २०२४ ला पोटनिवडणूक रद्द केली.

इथे दोन गुंते आहेत. उरलेली मुदत कधीपासून मोजायची, जागा रिकामी झाल्यापासून की नवा माणूस निवडून येईल त्या दिवसापासून? पहिल्या मोजणीने अकोल्याला आमदार मिळतो, दुसरीने नाही. आणि दुसरा गुंता भाषेचा. वर्षापेक्षा कमी मुदत उरली तर हे कलम ‘लागू नाही’ म्हणजे नेमकं काय? सहा महिन्यांचं बंधन सुटलं, आयोगाला वाटलं तर घ्यावी. की निवडणूक घ्यायचीच नाही?

याच सुमारास हरियाणात कर्नालची जागा रिकामी झाली. मनोहरलाल खट्टर यांनी १३ मार्च २०२४ ला आमदारकी सोडली, विधानसभेला आठ महिनेही उरले नव्हते. अकोल्याच्या हिशेबाने तिथे निवडणूक व्हायलाच नको. पण नवे मुख्यमंत्री नायबसिंग सैनी आमदार नव्हते, आणि मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहाचं सदस्य व्हावंच लागतं. अकोल्याचा निकाल समोर असतानाही तिथल्या उच्च न्यायालयाने निवडणूक थांबवायला नकार दिला. २५ मे रोजी मतदान झालं, सैनी जिंकले. एकच कलम, एकच मोसम, दोन उच्च न्यायालयं, दोन उलट निकाल. मुख्यमंत्र्याची सोय ही कर्नालच्या मतदाराच्या हक्कापेक्षा मोठी नाही, असं मला वाटतं. पण निवडणूक झाली ती त्या सोयीमुळे.

आणखी एक अडसर माहीत असावा. पराभूत उमेदवाराने निवडणूक याचिका केली असेल आणि ‘त्याची निवड रद्द करून मला विजयी घोषित करा’ अशी मागणी असेल, तर आयोग सहसा थांबतो. उद्या याचिका जिंकली तर जागा त्याचीच. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मिल्कीपूरची पोटनिवडणूक अशाच याचिकेपायी लांबली आणि ५ फेब्रुवारी २०२५ ला झाली.

आता तुम्हीच गणित करून ठेवा. सध्याच्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ ला झाली, म्हणून मुदत २३ जून २०२९ पर्यंत. २०२८ च्या जूनअखेरपासून पुढे कुठलीही खासदारकी रिकामी झाली तर ती भरायचं बंधन आयोगावर नसेल.

एकट्या खुर्चीची घाई

पोटनिवडणुकीत जिंकलेल्याला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत, फक्त उरलेली मुदत मिळते. धंगेकरांना कसब्यात पावणेदोन वर्षांच्या आसपास मिळाली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच रासने यांनी त्यांना हरवलं. राज्यसभेतही हेच: तिथे आमदार मतदान करतात, पण मधेच रिकाम्या झालेल्या जागेवर आलेला सदस्य आधीच्याची उरलेली वर्षंच पुरी करतो.

राष्ट्रपतींचं मात्र निराळं. राष्ट्रपती मुदतीच्या मध्यात गेले तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागते, तिथे पळवाट नाही, आणि नव्या राष्ट्रपतींना पाच वर्षं कोरी मिळतात. तोवर उपराष्ट्रपती काम बघतात. १९६९ मध्ये तर कमाल झाली होती. ३ मे रोजी झाकिर हुसेन गेले, उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम बघू लागले, मग निवडणूक लढवायची म्हणून जुलैमध्ये त्यांनीच राजीनामा दिला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या! तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपती म्हणून बसले. उपराष्ट्रपतिपदाला सहा महिन्यांची अट नाही, फक्त ‘शक्य तितक्या लवकर’ आहे. तरी २१ जुलै २०२५ ला जगदीप धनखड यांनी राजीनामा दिल्यावर ९ सप्टेंबरला निवडणूक होऊन सी. पी. राधाकृष्णन निवडून आले. पन्नास दिवस.

माझा सगळा मुद्दा इथे आहे. राष्ट्रपती एकच असतो, म्हणून त्याची खुर्ची रिकामी राहिली तर दिसतं, आणि घटनाकारांनी तिथे पक्की व्यवस्था केली. लोकसभेत खासदार ५४३ असतात. त्यातली एक खुर्ची रिकामी राहिली तर सभागृहाचं काही अडत नाही. गणसंख्या भरते, कायदे होतात, सरकार चालतं. अडतं ते फक्त त्या एका मतदारसंघाचं. जे पद सभागृहाला लागतं ते लवकर भरतं, जे फक्त मतदाराला लागतं ते सवडीने. अर्थात ‘शक्य तितक्या लवकर’चाही भरवसा नको. २०२१ च्या फेब्रुवारीत नाना पटोले यांनी विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं आणि पुढचे अध्यक्ष राहुल नार्वेकर निवडले गेले ३ जुलै २०२२ ला. तोवर उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काम चालवलं, आणि पर्याय आहे म्हटल्यावर कुणालाच निकड उरली नाही.

महापालिकेत मतदारच गायब

महापालिकेतली एखादी जागा मधेच रिकामी झाली तर पोटनिवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. दिल्लीच्या आयोगाचा इथे संबंध नाही. इथे जागा जाण्याचं एक खास कारण आहे. आरक्षित जागेवरून निवडून आलेल्याने ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही, तर निवडच मागच्या तारखेपासून रद्द. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट सक्तीची आहे म्हटल्यावर एकट्या कोल्हापुरात नगरसेवकांची रांगच घरी जायची वेळ आली, आणि सरकारला घाईने मुदत वाढवून द्यावी लागली. पुण्यात प्रभागात चार-चार नगरसेवक असल्याने एक गेला तरी लोक उरलेल्या तिघांकडे जातात. महापौर गेला तर लोकांकडे जावंच लागत नाही; नगरसेवक आपल्यातूनच दुसरा निवडतात, तोवर उपमहापौर असतोच.

पण आख्खं सभागृहच रिकामं झालं तर? घटनेच्या २४३यू कलमात लिहिलंय की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्यापुढे नाही, आणि नवी निवडणूक ही मुदत संपण्याआधी पुरी व्हायला हवी. इथे ‘कठीण असेल तर’ असं काही लिहिलेलंच नाही. वाचताना हे कलम १५१अ पेक्षा कितीतरी कडक वाटतं. प्रत्यक्षात आधी कोरोना आला, मग ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, मग प्रभाग तीनचे की चारचे आणि नगरसेवक किती यावर सरकारांनी एकमेकांचे निर्णय फिरवले. पुणे, मुंबई, नागपूर सगळीकडे प्रशासक. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घ्या म्हणून बजावलं, त्यालाही मुदतवाढ मागून झाली, आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. ‘पाच वर्षं, त्यापुढे नाही’ हे नगरसेवकांच्या बाबतीत तंतोतंत पाळलं गेलं. ते वेळेवर घरी गेले. त्यांच्या जागी कुणी यायचं तेवढं राहिलं.

या रिकाम्या सभागृहाने आणखी एक खुर्ची खाल्ली, ती फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. विधान परिषदेत पुणे स्थानिक प्राधिकारी संस्था नावाचा मतदारसंघ आहे. तिथे तुम्ही-आम्ही मत देत नाही. महापालिका, जिल्हा परिषद, नगरपालिका यांचे सदस्य देतात. तिथल्या आमदाराची सहा वर्षांची मुदत २०२२ च्या डिसेंबरमध्ये संपली. नवी निवडणूक घ्यायला आयोगाची अट अशी की मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के स्थानिक संस्था चालू असाव्यात आणि ७५ टक्के मतदार उपलब्ध असावेत. मार्चमध्येच महापालिका प्रशासकाकडे गेली होती, जिल्हा परिषदही गेली होती. जागा होती, कायदा होता, इच्छुक तर पुण्यात कधीच कमी नसतात. मतदार यादीत घालायला नावंच उरली नव्हती.